रात्रीपुरता पत्ता

लिनक्स कर्नलमध्ये 'व्हर्टआयओ_रिंग.सी' नावाची एक फाइल आहे. तिच्यात बरंच वर 'व्हीरिंग_यूज_डीएमए_एपीआय' नावाचं एक फंक्शन येतं. कोड सहा-सात ओळींचा, आणि त्याच्या डोक्यावरची कॉमेंट त्याच्या तिप्पट-चौपट लांब. हो किंवा नाही, एवढंच उत्तर हे फंक्शन देतं. प्रश्नही एकच: मी डिव्हाइसच्या हातात जो पत्ता ठेवणार आहे, तो मला माहीत असलेलाच द्यायचा, की आधी कुणाला तरी विचारून दुसरा घ्यायचा?

ऑपरेटिंग सिस्टीम शिकवताना मी दरवर्षी हे फंक्शन फळ्यावर लिहितो. वर्गातल्या मुलांना आधी त्यात काही विशेष दिसत नाही. मलाही पहिल्यांदा दिसलं नव्हतं. त्याची गोडी लागली ती एका पीककर्जाच्या अर्जामुळे.

माझं गाव माहूर तालुक्यात, पैनगंगेच्या खोऱ्यात. आमच्या एका शेताला घरात सगळे 'बिब्याचं वावर' म्हणतात. बिब्याचं झाड कधीच गेलं, नाव राहिलं. जुन्या कागदांवर त्याच वावराचा सर्वे नंबर आहे. पुढे एकत्रीकरण झालं आणि त्याला गट नंबर पडला. आमच्या बाबतीत बांध तसेच राहिले, विहीर तिथेच राहिली, नंबर तेवढा बदलला. वडिलांनी कर्जाच्या अर्जावर सवयीने सर्वे नंबर लिहिला. अर्ज परत आला. वडील म्हणाले, "अहो, वावर तर तेच आहे ना." खिडकीमागचा मुलगा शांतपणे म्हणाला, "काका, वावर तेच असंल, पण आमच्या मशीनला गट नंबरच समजतो."

दोघांचंही बरोबर होतं. जमिनीला नंबर नसतो. नंबर वाचणाऱ्याचा असतो. घरातल्यांसाठी बिब्याचं वावर, जुन्या दप्तरासाठी सर्वे नंबर, आजच्या सातबारासाठी गट नंबर. आणि एका नंबरावरून दुसऱ्यावर जायचं तर तलाठ्याकडचा जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता काढावा लागतो. कॉम्प्युटरच्या मेमरीत नेमकं हेच चालतं, आणि हे फंक्शन त्या खिडकीवरच उभं आहे. समोरचा कोणता नंबर वाचतो, हे त्याला अर्ज देण्याआधी ठरवायचं आहे.

आधी तो तक्ता पाहू. चालू प्रोग्रॅमला दिसतो तो पत्ता खरा नसतो. इंग्लंडात मँचेस्टरला १९६२ साली सुरू झालेल्या ॲटलस या कॉम्प्युटरपासून ही सोय आली. प्रोग्रॅमने आपल्या सोयीचा पत्ता वापरायचा आणि यंत्राने तो प्रत्यक्ष मेमरीच्या पत्त्यात बदलून घ्यायचा. आजच्या ६४ बिटी इंटेल-एएमडी प्रोसेसरवर हे काम पेज टेबल करतं. नेहमीच्या मांडणीत पत्त्याचे ४८ बिट कामाचे. त्यांचे नऊ-नऊचे चार भाग पडतात आणि शेवटी १२ बिट उरतात. पहिल्या नऊ बिटांनी पहिल्या तक्त्यातली ओळ शोधायची, तिथे दुसऱ्या तक्त्याचा पत्ता मिळतो. मग दुसरे नऊ, तिसरे नऊ, चौथे नऊ. नऊ बिटांत ५१२ ओळी मावतात. एक ओळ ८ बाइटची. ५१२ गुणिले ८ म्हणजे ४०९६, आणि मेमरीचं एक पानही बरोबर ४०९६ बाइटचं. तक्ता ठेवायलासुद्धा एक पूर्ण पान लागतं, ना कमी ना जास्त. हे गणित फळ्यावर जुळतं तेव्हा मला दर खेपेला समाधान वाटतं.

आणि ते शेवटचे १२ बिट? ते बदलतच नाहीत. तक्ता फक्त पानाचा नंबर बदलतो. पानाच्या आत कितव्या बाइटवर जायचं ते जसंच्या तसं पुढे जातं. वडील सांगतात की विहीर उत्तरेच्या बांधापासून चाळीस पावलांवर आहे. सर्वे नंबर लिहा नाहीतर गट नंबर, ती चाळीस पावलं चाळीसच राहतात.

इथवर दोन पत्ते झाले. आभासी यंत्र, म्हणजे एका सर्व्हरच्या पोटात चालणारं दुसरं पूर्ण कॉम्प्युटर, आलं की तिसरा पत्ता येतो. आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमला, गेस्टला, वाटतं आपल्याकडे खरी मेमरी आहे. ती आपली पेज टेबलं बांधते आणि 'खरे' पत्ते काढते. ते खरे नसतात. यजमानाने, म्हणजे होस्टने, तिला दिलेल्या जागेतले ते नंबर असतात, आणि त्यांच्यासाठी होस्टकडे आणखी एक तक्ता असतो. एएमडीने २००७ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये हा दुसरा तक्ता प्रोसेसरलाच वाचता येईल अशी सोय केली. आता हिशेब पाहा. गेस्टच्या चार तक्त्यांपैकी प्रत्येकाचा पत्ता गेस्टचाच, म्हणून तो तक्ता उघडण्याआधी होस्टचे चार तक्ते चाळायचे. चार अधिक एक, पाच. असे चार वेळा, वीस. शेवटी हाती आलेला पत्ताही गेस्टचाच, म्हणून आणखी चार. एका बाइटपाशी पोहोचण्याआधी मेमरीत चोवीस फेऱ्या. सापडलेलं उत्तर प्रोसेसर टीएलबी नावाच्या छोट्या वहीत टिपून ठेवतो, म्हणून या फेऱ्या दर वेळी होत नाहीत. ती वही नसती तर कुणाला आभासी यंत्र परवडलं नसतं.

हे सगळं प्रोसेसरसाठी. पण मेमरी वाचणारा प्रोसेसर एकटा नाही. नेटवर्क कार्ड, डिस्क ही डिव्हाइसंही थेट मेमरीत हात घालतात. त्याला डीएमए म्हणतात. ड्रायव्हर डिव्हाइसला सांगतो की या पत्त्यावर इतके बाइट आहेत, उचल. आता हा पत्ता कुणाचा? प्रोग्रॅमचा देऊन उपयोग नाही, डिव्हाइसला पेज टेबल दिसत नाही. प्रत्यक्ष मेमरीचा द्यावा तर तोही कधी चालतो, कधी नाही. कारण पुष्कळ यंत्रांत डिव्हाइस आणि मेमरी यांच्या मध्ये आयओएमएमयू नावाचा पहारेकरी असतो आणि त्याचा तक्ता वेगळा. म्हणून लिनक्सने ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना एक शिस्त घालून दिली: स्वतः पत्ता काढू नका, डीएमए एपीआयला विचारा. पान त्याच्या हवाली करा, तो जो पत्ता देईल तोच डिव्हाइसला द्या, आणि काम झालं की पत्ता परत करा.

व्हर्टआयओने ही शिस्त पाळली नाही. आणि का पाळली नाही, हे समजल्याशिवाय त्या फंक्शनची चव कळत नाही.

व्हर्टआयओ रस्टी रसेल यांनी मांडलं आणि जानेवारी २००८ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२४ मध्ये ते दाखल झालं. कल्पना साधी होती. आभासी यंत्राला खोटं रियलटेक किंवा इंटेल कार्ड दाखवून खऱ्या कार्डाची सगळी नाटकं वठवण्यापेक्षा, दोन्ही बाजूंना माहीत असलेला एक सोपा करार करा. मेमरीत एक तक्ता ठेवा. त्यातली एकेक नोंद १६ बाइटची: ८ बाइट पत्ता, ४ बाइट लांबी, २ बाइट खुणा, २ बाइट पुढच्या नोंदीचा क्रमांक. शेजारी दोन कडी, म्हणजे रिंगा. एकीत ड्रायव्हर लिहितो की एवढं तयार आहे, दुसरीत डिव्हाइस लिहितं की एवढं वापरून झालं. डिस्क, नेटवर्क, कन्सोल, सगळ्यांना हाच करार.

त्या आठ बाइटांत ड्रायव्हर गेस्टचा भौतिक पत्ता सरळ लिहीत असे. कुणाला विचारणं नाही. कारण पलीकडचं 'डिव्हाइस' म्हणजे कार्ड नव्हतंच. ते होस्टवर चालणारं क्यूएमयूसारखं सॉफ्टवेअर होतं, आणि होस्टने तर गेस्टला मेमरी दिलेली. कोणत्या नंबराचं वावर कुठे, हे त्याला पाठ. २०१० मध्ये हे काम होस्टच्या कर्नलमध्येच करणारं व्हीहोस्ट आलं, त्याच्याकडेही तसाच छोटा तक्ता होता: गेस्टचा अमुक पत्ता म्हणजे क्यूएमयूच्या मेमरीतला तमुक. घरच्या माणसाला कुणी गट नंबर सांगत नाही, बिब्याचं वावर म्हटलं की तो चालू लागतो. घरचा माणूस म्हणून शिस्त सोडली, आणि काही वर्षं ते छान चाललं, वेगानेही चाललं.

मग घराबाहेरची माणसं, म्हणजे खरी डिव्हाइसंसुद्धा, हाच करार बोलू लागली. आता ती कॉमेंट वाचू. तिचा मूळ सांगाडा २०१६ मध्ये लिनक्स ४.६ साठी अँडी लुटोमिरस्की यांनी लिहिला, पुढे मायकेल त्सिर्किन यांनी तिच्यात भर घातली. मी वाचतोय ते २०२० नंतरचं रूप.

ती सुरू होते ती सुखाच्या बाजूने. नव्या डिव्हाइसांना एक खूण असते, ती पाहा, आणि डिव्हाइस सरळ असेल तर डीएमए एपीआय वापरा. विषय संपला. आणि लगेच पुढचं वाक्य येतं की सरळ नसेल, तर व्हर्टआयओ आणि डीएमए एपीआय यांचा संबंध म्हणजे सगळा घोळ आहे. अधिकृत कोडमध्ये 'घोळ' अशा अर्थाचा शब्द वापरायला मनाची स्वच्छता लागते. पुढे लेखक घोळाचे प्रकार सांगतो, आणि क्रम बघण्यासारखा आहे. आधी बहुसंख्य यंत्रं, जिथे दोन्ही पत्ते जुळतात आणि विचारलं काय, न विचारलं काय, सारखंच. मग झेन हा हायपरव्हायजर, म्हणजे आभासी यंत्रं चालवणारी व्यवस्था, आणि ज्यांच्यापुढे खरा आयओएमएमयू उभा आहे अशी खरी यंत्रं. तिथे विचारल्याशिवाय काही चालणारच नाही. मग स्पार्क आणि पॉवरपीसी प्रोसेसरांची यंत्रं. तिथे उलटा पेच. डिव्हाइस आयओएमएमयूच्या मागे असल्यासारखं दिसतं, पण पलीकडचा होस्ट त्या आयओएमएमयूकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणजे पहारेकऱ्याने दिलेला पत्ता नेला तर घरातला माणूस म्हणणार, हा कुठला नंबर? तिथे आयओएमएमयू नाहीच असं धरून चालावं लागतं.

तिन्ही प्रकारांना एकच नियम बसत नाही. ज्याने बसवला त्याचं कुठलं तरी यंत्र बंद पडणार. मग लेखक लिहितो की तूर्तास जुनी चाल कायम ठेवत आहोत. त्या 'तूर्तास'वर मी वर्गात थांबतो. खाली 'करायचं राहिलं' अशी नोंदही आहे: प्रत्येक डिव्हाइसला त्याचा स्वतःचा पत्ते काढणारा जोडा, मग हा प्रश्नच उरणार नाही. विद्यार्थी विचारतात, मग केलं का नाही? जगभरात चालू असलेली यंत्रं बंद न पाडता ते करायचं आहे, म्हणून. मला त्यात आळस दिसत नाही. कर्ज नाकारू नका, जुना नंबर लिहिलेले अर्ज अजून येतात, असं सांगणारा माणूस मला त्या वाक्यात दिसतो.

आता कोड. पहिली ओळ विचारते: या डिव्हाइसमध्ये खोड नाही ना? नसेल तर उत्तर हो. नकार आणि पुन्हा नकार, वाचताना मेंदूला पीळ पडतो. ही खोड ओळखायची कशी ते शेजारच्या एका हेडर फाइलमध्ये आहे आणि तिथेही कॉमेंट आहे: इतर खुणांच्या मानाने ही खूण उलटी आहे, जुन्या यंत्रणांशी जुळवून घेण्यासाठी. खूण म्हणजे ३३ क्रमांकाचा बिट. तो असेल तर डिव्हाइस शिस्तीचं, नसेल तर खोडीचं. सरळ विचार केला तर वाटतं, खोड असलेल्याने हात वर करावा. पण विचार करा, जुनं डिव्हाइस हात कसा वर करणार? ते घडवलं गेलं तेव्हा हा बिटच नव्हता.

आमच्याकडे १९५६ पूर्वीचे काही कागद आहेत, त्यांवर जिल्हा आदिलाबाद असं आहे. राज्य पुनर्रचनेत किनवट तालुका आदिलाबादेतून नांदेडात आला, माहूर त्याच्यासोबत आलं, आणि माहूरचा वेगळा तालुका पुढे खूप उशिरा झाला. मोगलांच्या काळी हेच माहूर वऱ्हाड सुभ्यातली एक सरकार होती. रेणुकेचा डोंगर जागचा हलला नाही, पत्ता बदलत गेला. त्या आदिलाबादच्या कागदावर 'हा जुना कागद आहे' असं कुठेही लिहिलेलं नाही. लिहिणाऱ्याला आपण जुने होणार हे कुठे माहीत होतं? जुनेपण गप्प असतं. म्हणून ज्याला नवं वागायचं आहे त्यानेच बोलायचं, आणि गप्प राहणाऱ्याला जुना समजायचं. उलटी खूण हीच खरी सुलटी आहे. २०१६ मध्येच हा बिट कर्नलमध्ये आला, आणि मला वाटतं, या सगळ्या कोडमधली सर्वांत समजूतदार गोष्ट तीच आहे.

त्या बिटाचं नावही बदललं. आधी ते आयओएमएमयूवरून होतं. व्हर्टआयओच्या २०१९च्या १.१ आवृत्तीत ते 'ॲक्सेस प्लॅटफॉर्म' झालं आणि २०२० मध्ये लिनक्सनेही ते स्वीकारलं. कारण प्रश्न आयओएमएमयूपुरता नव्हताच, हे तोवर उमगलं होतं. एएमडीच्या २०१७च्या एपिक प्रोसेसरांपासून गेस्टची मेमरी होस्टपासूनही कुलूपबंद ठेवायची सोय आली. होस्टने ती वाचली तर त्याला नुसता कचरा दिसतो. घरचा माणूसच आता घरात शिरू शकत नाही! अशा गेस्टमध्ये डीएमए एपीआयला पत्ता विचारला की तो नुसता पत्ता देत नाही. तो डेटाच उचलून एका उघड्या, कुलूप नसलेल्या जागेत नेऊन ठेवतो आणि त्या जागेचा पत्ता देतो. कर्नलमध्ये या जागेला स्विऑटलबी म्हणतात. मला ती आपल्या वाड्याची ओसरी वाटते. परक्याला माजघरात नेत नाहीत. द्यायचं ते ओसरीवर आणून ठेवतात, त्याने तिथूनच उचलायचं.

ड्रायव्हरच्या कोडमध्ये यासाठी काय बदललं? काही नाही. तो तसाच पत्ता मागतो, तसाच पोहोचवतो. ज्या शिस्तीला २००८ मध्ये वळसा घातला होता, ती पाळली म्हणून हे आपोआप जमलं.

फंक्शनमधल्या शेवटच्या अटीची ओळ मात्र मला खटकते. खूण नसेल तर पुढे कॉमेंट म्हणते की आता अंदाज करण्याखेरीज हाती काही नाही, आणि कोड विचारतो, आपण झेनवर आहोत का? असू तर हो, नाहीतर नाही. ड्रायव्हरने आपण कुणाच्या घरात राहतो हे विचारणं मला बरं वाटत नाही. ते त्याचं काम नव्हे, आणि एका हायपरव्हायजरचं नाव असं मध्येच आल्याने फंक्शनचा तोल जातो. लेखकालाही ते आवडलेलं नसावं. कॉमेंटमध्ये त्याने झेनच्या एका सदोष जोडणीचं उदाहरण देऊन म्हटलंय की तिथे हे कधी चाललंच नाही आणि याहून मोठी ठिगळं लावल्याशिवाय चालणारही नाही, निदान शहाण्या जोडण्या तरी चालोत. ठिगळाला ठिगळच म्हटलं आहे, म्हणून मी ती ओळ सहन करतो.

फंक्शनने हो किंवा नाही सांगितलं. त्याचा खरा अर्थ खाली, 'व्हीरिंग_मॅप_वन_एसजी' मध्ये दिसतो. विचारायचं नसेल तर एका ओळीत काम होतं: गेस्टचा भौतिक पत्ता उचलून नोंदीत टाकला, परत फिरला. विचारायचं असेल तर डीएमए एपीआयला एका-एका पानाचा पत्ता मागायचा. कॉमेंट इथेही आहे. पानांची सगळी यादी एकदम देण्याची सोय असताना आपण ती का वापरत नाही, ते ती सांगते: ती सोय धरून चालते की यादी पत्त्याइतकीच टिकेल, आणि आपल्याकडे तशी खात्री नाही. यादी आधी विरून जाऊ शकते, पत्ता मागे राहतो.

पत्त्याला आयुष्य असतं, ही गोष्ट माझ्या मनावर ठसली ती या कॉमेंटने. माहूरच्या माणसाला खरं तर ती लहानपणापासून ठाऊक असायला हवी. परंपरा सांगते की दत्तप्रभू स्नान काशीला करतात, भिक्षा कोल्हापुरात मागतात आणि निद्रेला माहूरला येतात. इथल्या देवदेवेश्वराच्या मंदिराला महानुभाव पंथात दत्तात्रेय प्रभूंचं निद्रास्थान मानतात. माझी आजी दुपारी कधी दत्तशिखराकडे बोट दाखवून देव तिथे आहेत असं म्हणायची नाही. म्हणायची, रात्री येतील. माहूर हा पत्ता खोटा नाही. तो रात्रीपुरता आहे. डीएमए एपीआयने दिलेला पत्ताही असाच: मॅप केलं तेव्हापासून अनमॅप करेपर्यंत तो खरा. नंतर त्याच नंबरावर दुसरंच पान असू शकतं, आणि डिव्हाइसने जुना पत्ता जपून ठेवून तिथे लिहिलं तर ते दुसऱ्याच्या ताटात पडतं. आयओएमएमयू असेल आणि तो नंबर अजून दुसऱ्या कुणाला दिलेला नसेल, तर तो सहसा अडवतो. नसेल तर कुणी अडवत नाही.

अनमॅप करतानाही एक सावधपणा आहे, आणि तो २०२१ मधला आहे. आधी ड्रायव्हर पत्ता परत करताना त्याच नोंदींच्या तक्त्यातून वाचून घेत असे, म्हणजे जो तक्ता डिव्हाइसच्याही हातात आहे त्यातून. डिव्हाइस घरचं असेल तोवर ठीक. पण डिव्हाइसवर विश्वास ठेवायचा नाही असं ठरल्यावर, त्याने मधल्या काळात आकडा खोडला तर आपण भलताच पत्ता परत करू. म्हणून जेसन वांग यांच्या बदलांनी पत्ता आणि लांबी यांची एक प्रत ड्रायव्हरच्या स्वतःच्या वहीत ठेवली जाऊ लागली. उधारीचा आकडा दुकानदाराच्या वहीतही असतो आणि घरच्या वहीतही असतो, तसं.

याच फाइलमध्ये रांगेसाठी, म्हणजे तो नोंदींचा तक्ता आणि त्याच्या शेजारच्या दोन रिंगा यांच्यासाठी, जागा घेणारं फंक्शन आहे, आणि तिथल्या कॉमेंटमध्ये अचानक 'मी' येतो. भौतिक पत्ता ६४ बिटांचा आणि डिव्हाइसला द्यायचा पत्ता ३२ बिटांचा असेल तर वरचे बिट कापले जातील. लेखक म्हणतो की मला अशी शोधून फक्त मिप्स आणि एक्स८६ची काही मोजकी यंत्रं सापडली, आणि त्यांच्यावर इतक्या वरची पानं कधी मिळू नयेत; तरीही वेळ आलीच तर इशारा द्या आणि थांबा. 'सापडली' म्हणणारा हा माणूस कुठे तरी बसून एकेक यंत्रणा तपासून आला आहे. त्याची ती मेहनत एका 'मी'त आहे.

आता पुण्याकडे वळतो, कारण या कहाणीतला एक धागा आपल्या राज्यात विणला गेला. गेस्ट आणि होस्ट यांच्यात मजकुराची देवाणघेवाण करणाऱ्या 'व्हर्टआयओ_कन्सोल.सी' या फाइलच्या डोक्यावर रस्टी रसेल यांच्या खाली २००९ ते २०११ या सालांसह अमित शाह यांचं नाव आहे. रेड हॅटच्या पुण्यातल्या कचेरीत काम करताना त्यांनी या कन्सोलला एकाऐवजी अनेक दारं दिली. पण मला त्यात वाचावंसं वाटतं ते २०१२ मध्ये स्युर ब्रेन्देलान यांनी घातलेल्या एका भरीपाशी, बफर घेणाऱ्या फंक्शनमध्ये. साध्या कन्सोलसाठी बफर नेहमीच्या मेमरीतून येतो. मात्र रिमोटप्रॉक या व्यवस्थेत पलीकडे होस्ट नसतो, त्याच चिपवरचा दुसरा खराखुरा प्रोसेसर असतो. त्याला दिसेल अशीच मेमरी हवी, म्हणून बफर डीएमएच्या खास मेमरीतून घेतात, आणि कोड ती मेमरी या डिव्हाइसच्या नावावर मागत नाही. तो त्याच्या बापाच्या नावावर मागतो: 'पॅरेंट' असाच शब्द आहे. सातबारा अजून वडिलांच्या नावावर असलेल्या घरात वाढलेल्यांना हे समजावून सांगायला लागत नाही.

सोडतानाही एक बारकावा. ही मेमरी परत करताना इंटरप्ट चालू असावे लागतात, आणि बफर सोडायची वेळ कधी कधी नेमकी इंटरप्ट बंद असताना येते. मग तो बफर एका यादीत बाजूला ठेवायचा आणि सवडीने, पुन्हा नवा बफर घेण्याच्या वेळी, ती यादी रिकामी करायची. असं खोळंबलेलं काम नीट नाव देऊन एका कोपऱ्यात ठेवलेलं पाहिलं की लिहिणाऱ्याविषयी आदर वाटतो.

एक गोष्ट उरते. २०१९ मध्ये लिनक्स ५.३ मध्ये ज्याँ-फिलिप ब्रुकर यांचा व्हर्टआयओ-आयओएमएमयू आला: पत्ते बदलून देणारं आभासी डिव्हाइस. त्याला 'हा पत्ता त्याच्याशी जोड' असं सांगायचं तर तेही व्हर्टआयओच्याच रांगेतून, म्हणजे सोळा बाइटच्या नोंदीतून. ती नोंद मात्र त्याच्या स्वतःच्या तक्त्यातून जात नाही, जाऊही शकत नाही. तलाठ्याच्या दप्तराचा पत्ता दप्तरात शोधायचा नसतो. इथे मी फार रेंगाळत नाही. तो वेगळ्या लेखाचा ऐवज आहे.

नांदेड-लातूरकडच्या कॉलेजांत ऑपरेटिंग सिस्टीम शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे. पेज टेबलची आकृती पाठ झाली की तिथे थांबू नका. लिनक्सचा कोड सगळ्यांना खुला आहे. 'ड्रायव्हर्स' फोल्डरात 'व्हर्टआयओ' उघडा, त्यात 'व्हर्टआयओ_रिंग.सी'. कोड नंतर. आधी त्या फंक्शनच्या डोक्यावरची कॉमेंट वर्गात मोठ्याने वाचा, आणि 'तूर्तास'पाशी एकदा थांबा.